चार पदरी कापडाचा कायदा

लोकांनी कसे वागावे हे कायद्याने सांगणे ही जुनीच गोष्ट आहे. परंतु घराबाहेर पडताना नाकातोंडावर काय बांधावे, ते कापड किती पदरी असावे, आणि ते न बांधल्यास किती दिवस तुरुंगात जावे, हे एखाद्या शहराच्या सभेने ठराव करून सांगावे असा प्रसंग इतिहासात फार वेळा आलेला नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरावर तो १९१८ साली आला. पुढे २०२० साली तोच प्रसंग जगातील बहुतेक शहरांवर आला, तेव्हा ह्या जुन्या हकीकतीची आठवण पुष्कळांनी काढली. पण ती आठवण बहुधा मुखपट्टी बांधलेल्या पोलिसांच्या एकदोन छायाचित्रांपलीकडे गेली नाही. मूळ हकीकत गुंतागुंतीची आहे. तिच्यात थोडा विनोद आहे आणि दुःख पुष्कळ आहे.

हे शहर साथीच्या रोगांना नवखे नव्हते. १९०० साली तेथील चिनी वस्तीत प्लेगने मेलेला एक इसम सापडला, तेव्हा अधिकाऱ्यांनी साऱ्या चिनी वस्तीभोवती दोर बांधून आतल्या माणसांस बाहेर व बाहेरच्यांस आत जाण्याची बंदी केली. मात्र हा दोर सरळ रेषेत गेला नाही. त्याच गल्ल्यांतून असलेली गोऱ्या लोकांची घरे आणि दुकाने वळसा घालून वगळण्यात आली. चिनी रहिवासी न्यायालयात गेले, आणि न्यायाधीशांनी जून १९०० मध्ये तो बंदोबस्त रद्द केला. रोगाला आळा घालण्याचा अधिकार शहराला आहे, पण तो एकाच जातीच्या लोकांवर चालवता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. इकडे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हेन्री गेज हे तर शहरात प्लेग आहे हेच मान्य करीत ना. व्यापारावर परिणाम होईल ही त्यांना धास्ती. १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने शहर उद्ध्वस्त केले आणि पुढल्याच वर्षी प्लेग पुन्हा आला. ह्या खेपेस त्याने गोऱ्यांनाही सोडले नाही. रूपर्ट ब्लू नावाच्या सरकारी डॉक्टरांनी तेव्हा उंदीर मारण्याची मोहीम हाती घेऊन शहर वाचविले. हेच ब्लू १९१८ साली साऱ्या अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे प्रमुख होते. ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, १९१८ चा कायदा करणाऱ्या शहराला दोन गोष्टी पूर्वानुभवाने ठाऊक होत्या: रोग नाकारल्याने जात नाही, आणि जो नियम काहींनाच लागू होतो तो टिकत नाही. दुसऱ्या गोष्टीचा मात्र त्याला पुढे विसर पडला.

इन्फ्लुएन्झाची ती साथ महायुद्धाबरोबर फिरत होती. मुंबईला ती सॅन फ्रान्सिस्कोच्या आधी पोचली. १९१८ च्या जून महिन्यात गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, तेथपासून मुंबईची हकीकत सुरू होते. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरातली दुसरी लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महागले होते. मुखपट्टीची किंवा जमावबंदीची सॅन फ्रान्सिस्कोसारखी सक्ती येथे झाली नाही, आणि ह्याचे एक कारण अगदी जवळचे होते. १८९७ सालच्या साथीच्या रोगांच्या कायद्याखाली पुण्यामुंबईत घरांच्या झडत्या झाल्या होत्या, माणसे बळेच इस्पितळांत नेण्यात आली होती, आणि पुण्याचे प्लेग अधिकारी रँड ह्यांचा त्याच वर्षीच्या जूनमध्ये झालेला वध सरकार विसरलेले नव्हते. वीस वर्षांनंतर सरकारने सक्तीचा मार्ग बव्हंशी टाळला. औषधे वाटण्याचे व रोग्यांची शुश्रूषा करण्याचे काम निरनिराळ्या जातीजमातींच्या संस्थांनी आणि स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. हिंदुस्थानात त्या साथीने जितकी माणसे नेली तितकी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात नेली नाहीत. इतिहासकारांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्याही पुढे जातात.

सॅन फ्रान्सिस्कोत पहिला रोगी सप्टेंबरच्या अखेरीस आढळला. तो शिकागोहून परतला होता. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. विल्यम हॅसलर ह्यांनी त्याला ताबडतोब वेगळे ठेवले. पण तेच दिवस युद्धकर्जाच्या चौथ्या मोहिमेचे होते. रोखे विकण्यासाठी देशभर मिरवणुका आणि सभा भरत होत्या, आणि त्यांना जाणे हे देशभक्तीचे लक्षण समजले जात होते. पूर्वेकडील फिलाडेल्फिया शहरात २८ सप्टेंबरला निघालेली मिरवणूक पाहण्यास सुमारे २ लाख लोक जमले. काही डॉक्टरांनी ती रद्द करावी असे सुचविले होते, ते मानण्यात आले नाही. दोनतीन दिवसांतच तेथील इस्पितळे भरली आणि पुढे प्रेते ठेवण्यास जागा उरली नाही. सेंट लुईस शहरात ह्याच्या उलट घडले. तेथील आरोग्याधिकारी डॉ. मॅक्स स्टार्क्लॉफ ह्यांनी शहरात रोगी आढळू लागताच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, शाळा, नाटकगृहे, सभा आणि चर्चमधील उपासनादेखील बंद केल्या. आर्चबिशपांना ते रुचले नाही, व्यापाऱ्यांना त्याहून रुचले नाही. पण हुकूम पाळला गेला.

सॅन फ्रान्सिस्कोने ह्या दोहोंमधला काळ घेतला. १७ ऑक्टोबरला आरोग्य मंडळाची सभा भरली. महापौर जेम्स रॉल्फ, डॉक्टर मंडळी आणि नाटकगृहांचे मालक तीत हजर होते. दुसऱ्या दिवसापासून शाळा, नाटकगृहे, चित्रपटगृहे, नाचाचे दिवाणखाने आणि मंडळांच्या बैठका बंद झाल्या. चर्चच्या बाबतीत मंडळाने बंदीऐवजी शिफारस केली: उपासना काही काळ थांबवावी, अथवा उघड्यावर करावी. त्यामुळे पुढील रविवारी शहरातील बागा आणि पायऱ्या ही देवळे झाली. पाद्री उभे राहिलेल्या जागी टेबलावर पांढरे वस्त्र अंथरून मिस्सा होत होती आणि लोक गवतावर गुडघे टेकून बसत होते. न्यायालयेही बाहेर आली. पोर्टस्मथ चौकात न्यायाधीश उघड्यावर बसून खटले चालवू लागले. शहराची हवा थंड आणि वारा बोचरा, तरीही हे चालले. जमावावरील हे निर्बंध लोकांनी कुरकुरत का होईना, पण पाळले. भांडण पेटले ते मुखपट्टीवरून.

तोंडावर कापड बांधण्याची कल्पना तेव्हा फारशी जुनी नव्हती. शस्त्रक्रिया करणारे सर्जन १८९७ च्या सुमारास गॉजची पट्टी वापरू लागले. साथीविरुद्ध तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग प्रथम मांचुरियात झाला. १९१० च्या हिवाळ्यात तेथे फुफ्फुसाच्या प्लेगने सुमारे ६० हजार माणसे मेली. चिनी सरकारने पाठविलेले तरुण डॉक्टर वू लिएन-ते हे मलायात जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले होते. हा प्लेग उंदरांमुळे नव्हे तर माणसाच्या श्वासामुळे पसरतो हे त्यांनी ओळखले, आणि कापूस घातलेल्या गॉजच्या पट्ट्या डॉक्टरांना, शिपायांना व प्रेते वाहणाऱ्यांना बांधावयास लावल्या. मेनी नावाच्या एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे मत हास्यास्पद वाटले. ते पट्टी न बांधता रोग्यांना तपासू लागले आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने मरण पावले. त्यानंतर हार्बिन शहरात पट्टीविषयी कोणास शंका उरली नाही.

हॅसलर ह्यांचा मुखपट्टीवर पूर्ण विश्वास होता. प्रथम न्हाव्यांना, नंतर हॉटेलांतील नोकर, बँकांतील कारकून, औषधविक्रे आणि दुकानदारांना पट्टी सक्तीची झाली. २२ ऑक्टोबरला रेडक्रॉसने वर्तमानपत्रांतून मोठी जाहिरात दिली; तिच्यावर महापौर, आरोग्य मंडळ आणि इतर संस्थांच्या सह्या होत्या. पट्टी बांधा आणि जीव वाचवा, ती शेकडा ९९ इतकी हमखास आहे, असे तीत सांगितले होते. शेकडा ९९ हा आकडा कोठून आला ह्याला शास्त्रीय आधार नव्हता. सार्वजनिक आरोग्याच्या कामात असा एक चढवलेला आकडा पुढे किती महाग पडतो, हे त्या शहराने तीन महिन्यांत पाहिले.

ऑक्टोबरच्या २४ तारखेस शहराच्या सभेने ठराव मंजूर केला. त्याची भाषा एखाद्या काटेकोर शिंप्याने सांगितल्यासारखी आहे. रस्त्यावर, सार्वजनिक जागी, अथवा जेथे दोन किंवा अधिक माणसे जमतील तेथे प्रत्येकाने नाक आणि तोंड झाकणारी पट्टी बांधावी. घरी कुटुंबातील दोघेच असतील तर सूट, आणि जेवताना सूट. पट्टीचे कापड चार पदरी असावे आणि ते बटर-क्लॉथ ह्या नावाने ओळखले जाणारे किंवा बारीक विणीच्या गॉजचे असावे. मोडणाऱ्यास ५ ते १०० डॉलर दंड, किंवा १० दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रेडक्रॉसच्या स्वयंसेविका बंदरावरील फेरी इमारतीत पट्ट्या विकण्यास बसल्या, आणि दोनचार दिवसांत एक लाख पट्ट्या वाटल्या गेल्या. युद्ध चालू होते म्हणून पट्टी न बांधणाऱ्यास लष्करी कामातून अंग काढणाऱ्या कामचुकार माणसाच्या पंगतीस बसविण्यात आले. त्या काळी ह्याहून मोठी शिवी नव्हती.

बहुतेकांनी पट्टी बांधली. पण कशी बांधली हा प्रश्न निराळा. कोणी ती हनुवटीखाली लोंबकळत ठेवली, कोणी चिरूट ओढता यावा म्हणून तीत भोक पाडले, स्त्रियांपैकी काहींनी गॉजऐवजी झिरझिरीत शिफॉनचा बुरखा पसंत केला. २७ ऑक्टोबरला एका दिवसात ११० माणसे पकडली गेली. बहुतेकांना ५ डॉलर दंड झाला, काहींना थोड्या दिवसांची कैद मिळाली. ह्या गुन्हेगारांनी शहराच्या कोठड्या भरून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र प्रकरण विनोदाच्या पलीकडे गेले. मार्केट स्ट्रीटवरील एका औषधाच्या दुकानापुढे एक नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल मारणारा कारागीर, लोकांनी पट्ट्या काढून टाकाव्यात म्हणून भाषण करीत होता. आरोग्य खात्याच्या एका विशेष अधिकाऱ्याने त्याला पट्टी विकत घेण्यास दुकानात नेऊ केले. झटापट झाली, अधिकाऱ्याने पिस्तूल चालविले. नालबंद जखमी झाला आणि जवळून जाणाऱ्या दोघांनाही गोळ्या लागल्या. चार पदरी कापडासाठी भररस्त्यात तीन माणसे रक्तबंबाळ व्हावीत ह्यात कायद्याचे यश मानता येत नाही.

तरीही आकडे कायद्याच्या बाजूने बोलत होते, निदान तसे दिसत होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून रोग्यांची संख्या उतरू लागली. ११ नोव्हेंबरला युद्ध संपल्याची बातमी आली आणि हजारो माणसे रस्त्यांवर नाचू लागली. सर्वांच्या तोंडावर पांढऱ्या पट्ट्या. तसले दृश्य जगाने तोवर पाहिले नसेल. त्याच सुमारास शहरात मुष्टियुद्धाचा एक सामना झाला. प्रेक्षकांचे छायाचित्र घेण्यात आले आणि ते धुऊन पाहता त्यात शहराच्या सभेचे काही सभासद, एक न्यायाधीश, नौदलाचे एक उच्च अधिकारी, स्वतः महापौर रॉल्फ आणि स्वतः डॉ. हॅसलर हे सारे उघड्या तोंडांनी बसलेले दिसले. हॅसलर ह्यांनी ५ डॉलर आणि महापौरांनी ५० डॉलर दंड भरला. दंड भरला ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सर्वच ठिकाणचे अधिकारी तो भरत नाहीत. परंतु ज्याच्या सहीने कायदा घरोघर पोचला त्याचेच उघडे तोंड छायाचित्रात उमटले, ही गोष्ट दंडाने पुसली गेली नाही.

१६ नोव्हेंबरला नाटकगृहे उघडली. २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता शहरभर भोंगे वाजले आणि पट्टीचा कायदा संपला. लोकांनी पट्ट्या फाडून रस्त्यांवर फेकल्या; फरसबंदीवर पांढऱ्या चिंध्यांचा सडा पडला. तोवर ह्या पाच लाख वस्तीच्या शहरात दोन हजारांवर माणसे मेली होती. ज्या घरांतून ती गेली होती तेथे भोंग्यांचा आवाज कसा ऐकला गेला असेल, ह्याची नोंद कोणी केलेली नाही.

दोनच आठवड्यांत रोग्यांचा आकडा पुन्हा चढू लागला. हॅसलर ह्यांनी पट्टी परत सक्तीची करावी असा आग्रह धरला. ह्या वेळी व्यापारी, हॉटेलवाले आणि नाताळच्या खरेदीची वाट पाहणारे दुकानदार उघडपणे विरुद्ध उभे राहिले, आणि डिसेंबरात शहराच्या सभेने ठराव फेटाळला. त्याच महिन्यात हॅसलर ह्यांच्या नावे एक गाठोडे आले. त्यात दारू भरलेला घरगुती बाँब होता. तो उडाला नाही. जानेवारीत मृत्यूंचा आकडा वाढला तेव्हा मात्र सभेने मत बदलले आणि १७ जानेवारी १९१९ पासून पट्टी पुन्हा सक्तीची झाली.

पण आता युद्ध संपले होते. कामचुकारपणाची शिवी बोथट झाली होती. मुखपट्टीविरोधी संघ ह्या नावाची एक संस्थाच निघाली, आणि २५ जानेवारीला ड्रीमलँड नावाच्या स्केटिंगच्या मोठ्या दालनात तिची जाहीर सभा भरली. दोन हजारांवर माणसे जमली. साथीत दोन हजार माणसे बंद दालनात जमवून साथीचे नियम रद्द करा अशी मागणी करावी, ह्यातील विसंगती त्या वेळीही लोकांच्या ध्यानात आली असेल. अध्यक्षस्थानी श्रीमती ई. सी. हॅरिंगटन ह्या वकील बाई होत्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्यांनी काम केले होते आणि महापौरांच्या त्या जुन्या राजकीय विरोधक होत्या. तेव्हा सारा विरोध केवळ अज्ञानातून आला असे म्हणून मोकळे होता येत नाही. सभेत काही डॉक्टर होते, व्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते आणि राजकारणी तर होतेच. कायदा रद्द करा आणि हॅसलर ह्यांनी राजीनामा द्यावा, अशी मागणी झाली. हॅसलर जागचे हलले नाहीत. साथ मात्र आपोआप ओसरू लागली आणि १ फेब्रुवारी १९१९ रोजी पट्टीची सक्ती दुसऱ्यांदा, आणि त्या साथीपुरती कायमची, उठली. साथीच्या एकूण हंगामात शहराने तीन हजारांहून अधिक माणसे गमावली. पट्टीचा सर्वांत कडक कायदा करणाऱ्या ह्या शहराची गणना पश्चिम किनाऱ्यावरील सर्वाधिक पोळलेल्या शहरांत होते.

शेजारच्या ओकलंडचे महापौर जॉन डेव्ही ह्यांची गोष्ट ह्याच जानेवारीतली. राजधानी सॅक्रॅमेंटोत ते कामासाठी गेले असता पट्टी नीट न बांधल्याबद्दल तेथील पोलिसांनी त्यांना पकडले आणि ५ डॉलर भरून घेऊनच सोडले. ते चिडून परतले, आणि ओकलंडमध्ये पट्टी सक्तीची करण्याच्या प्रस्तावाला ह्या प्रसंगाने काही मदत झाली नाही.

मग पट्टीचा उपयोग झाला की नाही? हा प्रश्न तेव्हाच एका माणसाने गंभीरपणे विचारला. कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य मंडळाचे सचिव डॉ. केलॉग ह्यांनी सक्ती असलेल्या आणि नसलेल्या शहरांच्या मृत्यूंचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनमध्ये पट्टी होती, बॉस्टनमध्ये नव्हती. दोन्ही आलेख सारखेच चढले आणि सारखेच उतरले. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबरात आकडा उतरला तो पट्टीमुळेच, हे हॅसलर ह्यांचे म्हणणे सिद्ध होत नव्हते; आकडा इतरत्रही उतरतच होता. केलॉग तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेत निरनिराळ्या विणीचे गॉज निरनिराळ्या पदरांनी तपासून १९२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विरळ कापडातून जंतू जवळजवळ बिनअडथळा जातात. कापड दाट केले, पदर वाढविले, तर ते जंतू अडविते, पण मग श्वास घेणे जड होते आणि हवा कडेने आतबाहेर करू लागते. सक्ती करण्याइतकी पट्टीची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, असा त्यांचा निर्णय होता. ज्या अधिकाऱ्याने खात्याच्या आवडत्या उपायाची अशी निष्ठुर तपासणी करून तिचा निकाल छापला, त्याच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे.

ह्यावरून मुखपट्टी व्यर्थ आहे असे मात्र ठरत नाही, आणि २०२० नंतर काहींनी केलॉग ह्यांच्या नावावर तसे सांगितले ते बरोबर नाही. त्यांनी तपासले ते त्या काळचे गॉज, आणि तेही हनुवटीखाली ओढले जाणारे. इन्फ्लुएन्झा कशाने होतो हेच तेव्हा कळले नव्हते. सर्वांचा संशय एका जिवाणूवर होता. त्याच्या आणि इतर जिवाणूंच्या लशी बॉस्टनहून रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोस आणून हजारोंना टोचण्यात आल्या आणि त्या निरुपयोगी ठरल्या. खरा विषाणू माणसाच्या स्रावातून वेगळा काढण्यात आला तो १९३३ साली. आजच्या मुखपट्टीत विद्युतभारित तंतूंचे थर असतात आणि ती चेहऱ्याला घट्ट बसते. तिची चार पदरी बटर-क्लॉथशी तुलना करणे म्हणजे गलबताची आगबोटीशी तुलना करण्यासारखे आहे.

मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी रस्त्यावर मुखपट्टी सक्तीची केली, तेव्हा ती करण्यामागे शास्त्रीय ज्ञान १९१८ पेक्षा पुष्कळ होते. दंड, हनुवटीखालची पट्टी आणि पुढाऱ्यांची उघडी तोंडे मात्र तीच होती. जमावबंदीने तर महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीला हात घातला. त्या वर्षी आषाढी वारीला दिंड्या निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका राज्य परिवहनाच्या बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या आणि वारकरी घरीच राहिले. सक्तीचा शेवट २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला झाला.

जमावबंदीच्या बाबतीत १९१८ ची साक्ष पट्टीपेक्षा स्पष्ट आहे. २००७ साली अमेरिकन संशोधकांनी ४३ शहरांच्या जुन्या नोंदी काढून, कोणी शाळा आणि सभा केव्हा बंद केल्या, किती दिवस बंद ठेवल्या आणि किती माणसे मेली, ह्यांचा मेळ घातला. ज्यांनी लवकर आणि अनेक निर्बंध एकत्र लावले, त्यांच्याकडे मृत्यूंची लाट ठेंगणी राहिली. सेंट लुईस आणि फिलाडेल्फिया ह्यांच्या आलेखांतील अंतर तर डोळ्यांत भरते. सेंट लुईसनेही नोव्हेंबरात घाईने बंधने सैल केली, तेव्हा तेथे दुसरी लाट आली आणि स्टार्क्लॉफ ह्यांना शाळा पुन्हा बंद कराव्या लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे नाव त्या ४३ शहरांत आहेच. जमावबंदी १८ ऑक्टोबरची, पट्टी २५ ऑक्टोबरची आणि भोंगे २१ नोव्हेंबरचे, ह्या तीन तारखा त्याच्या आलेखावर खुणा करून दाखविता येतात. आणि भोंग्यांच्या खुणेनंतर काही दिवसांतच रेषा पुन्हा वर वळू लागलेली दिसते.